हळदवाल्यांच्या घरचा फ्यूज

सर,

गेल्या रविवारी मी इथं सांगलीत एका माणसाच्या घरी फ्यूज बदलायला गेले होते. एकच फ्यूज, करंगळीच्या दोन पेरांएवढा, आणि त्याला सकाळचे नऊ ते दुपारचा एक एवढा वेळ लागला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "फ्यूज बसवत हुतीस का वरात काढत हुतीस?" तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं बरंच घडलं. लग्न झालं, मुलं झाली, दुकान झालं. पण ते सगळ्यांच्याच घरी होतं, त्यासाठी तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. ही गोष्ट मात्र दुसऱ्या कुणाला सांगितली की अर्धीच पोचते. नवऱ्याला सगळी सांगितली, तर तो शेवटी एवढंच म्हणाला, "मग बसवला का?"

मी कोण ते आधी सांगते. साताऱ्याच्या आयटीआयत रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, त्यातली उंच ती मी. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "पोरी, शिवणकामाचा वर्ग पलीकडं हाय, चुकलीस का?" आणि मी म्हणाले, "न्हाई सर, शिवता येतं मला." त्यावर तुम्ही हसलात आणि सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलंत. तीच मी. आता माझं सांगलीत दुरुस्तीचं दुकान आहे. नवे टीव्ही, मोबाईल मी घेत नाही. जुने ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, लाकडी पेट्यांचे स्पीकर एवढंच घेते. तुम्हाला वाटेल, एवढ्यावर पोट कसं भरतं? भरतं, सर. लोकांना पुन्हा तबकड्यांचं वेड लागलंय. माळ्यावर टाकलेल्या मशिनी उतरवतात, त्यांच्यावरचं उंदरांचं घरटं काढतात आणि माझ्याकडं आणतात.

त्यातलेच एक हळदवाले. हळदीचे व्यापारी आहेत, सत्तरीचे, जैन, बोलायला अतिशय गोड. त्यांच्याकडं जुना, वजनदार ॲम्प्लिफायर आहे. त्यांचे एक मित्र आहेत, सुभेदार. मूळ कडेगावकडचे, तिकडं ऊस आहे त्यांचा, पण पलटणीतून निवृत्त झाल्यावर सांगलीतच घर केलं. फौजेत सिग्नलमध्ये होते. सगळी नोकरी कानाला वायरलेस लावून केली. हे दोघं कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी हळदवाल्यांच्या पुढच्या खोलीत बसून गाणं ऐकायचे. बोलायचं नाही, पेपर वाचायचा नाही, नुसतं ऐकायचं. मग चहा आणि मग भांडण, कुठला सूर कसा लागला यावरून. त्या भांडणासाठीच सुभेदार जातात, असं सुभेदारांच्या सूनबाई म्हणायच्या.

पण मागच्या महिन्यात खरंच भांडण झालं, आणि झालं फ्यूजवरून. हळदवाल्यांनी परदेशातून एक खास फ्यूज मागवला. आत चांदीची तार, बाहेर चिनीमातीची नळी, आणि वर एक बाण काढलेला, वीज कुठून कुठं जायची ते दाखवायला. हसू नका सर. मलाही तेच वाटलं, की आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि येते, तिला बाण दाखवून काय उपयोग? पण हळदवाल्यांनी तो स्वतः बसवला, गाणं लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आवाज धुतल्यासारखा झाला, म्हणाले. सुभेदार म्हणाले, "कोयनेवरनं डोंगर चढत, उतरत, रानातनं तारा वढत वीज आली, आन शेवटच्या दोन इंचात चांदी लागली म्हणून ती सोवळी झाली व्हय रं? कान दाखवून ये जा." आणि हळदवाले, जे कधी कुणाला उलटून बोलत नाहीत, ते म्हणाले, "माझं कान ठीक हाईत गड्या. तुझंच फौजेत गेलं." ज्या माणसानं आयुष्यभर कानाची नोकरी केली त्याला हे म्हणायचं! सुभेदार उठले आणि चहा न घेता गेले. पुढचे चार रविवार ते फिरकले नाहीत.

हे मला सांगायला हळदवाल्यांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांना मी काकू म्हणते. स्टुलावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आवं ताई, भावजी येत न्हाईत त्ये एक. पण ह्ये पण आता लावत न्हाईत बघा गाणं. रविवारी सकाळी आंघोळ करून मशिनीपुढं नुसतं बसत्यात. तुमी या, आन काय ते एकदा खरं-खोटं करून टाका." मी होय म्हटलं, पण दोन्हीकडून अडचण होती. फरक नाही असं म्हटलं, तर त्या भल्या माणसाचं त्याच्याच घरात हसं होणार. फरक आहे म्हटलं, तर सुभेदारांचे कान खोटे ठरणार, आणि मी खोटी ठरणार ते वेगळंच. शिवाय माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं हळदवाल्यांच्या शब्दावर येतात. हे लिहायला लाज वाटते, पण त्या रात्री मी त्याचाही विचार केला.

सुभेदारांना मी फोन केला. आधी ते नाहीच म्हणाले. मग मी म्हटलं, मला तिथं साक्षीदार लागेल. त्यावर म्हणाले, "साक्षीदार म्हणून येतो. पाव्हणा म्हणून न्हाई." आणि रविवारी खरंच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. काकूंनी पुढं केलेला चहा नको म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसले. हळदवाले खिडकीजवळ. दोघं एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघत होते. मी मशिनीचा प्लग काढला, आत साठलेली वीज उतरेपर्यंत थोडा वेळ थांबले आणि झाकण उघडलं.

आधी प्लग काढायची सवय तुमचीच. कोयनानगरची आपली सहल आठवते मला. तुम्ही तिथल्या वीजघरात आधी नोकरी केलेली, म्हणून आम्हाला दाखवायला नेलं होतंत. दुपारी वसाहतीतल्या हॉलमध्ये आम्ही जेवतोय. एकाएकी ताटं खुळखुळायला लागतात, वरचा दिवा झोके घेतो. आम्ही सगळे भाताचे हात घेऊन बाहेर पळतो. तुम्ही मात्र दाराकडं न जाता भिंतीकडं जाता, मेन स्विच खाली ओढता आणि मग पळता. धक्का लहानच होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली?" तुम्ही म्हणालात, "लय वाटली. म्हणून तर स्विच पाडला." तुमच्या धोतरावर आमटी सांडली होती आणि सगळा वर्ग ती बघून हसत होता, तुम्हीही.

तर झाकण उघडलं आणि मला दिसलं की मशिनीवर दोन अँपिअरचा आकडा लिहिलाय आणि आत बसवलेला परदेशी फ्यूज पाच अँपिअरचा आहे. मी विचारलं, तर हळदवाले उत्साहानं म्हणाले, "विकणाऱ्यानं दोन दिलं हुतं. एक दोनचा, एक पाचचा. म्हणाला, मोठा लावा, आवाज जास्त मोकळा येतोय." त्यांना वाटलं, मी कौतुक करीन. मी तो काढला आणि खिशात टाकला. म्हटलं, "हा नाही लावायचा. कधीच नाही." ते म्हणाले, "पण ताई, त्योच तर गोड लागतोय." मी म्हटलं, "आत काही बिघडलं तर हा वितळणार नाही. मग आतलं यंत्र पेटेल, आणि तुमच्या खिडकीचा पडदा तिथून वीतभर अंतरावर आहे." माझा आवाज जरा चढला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

चढणारच. मला आपलं स्नेहसंमेलन आठवत होतं. मी एकोणीस वर्षांची, ॲम्प्लिफायरची जबाबदारी माझ्यावर. फ्यूज जळतो. दुसरा लावते, तोही जळतो. पुढं पोरं ओरडतायत, गाणं म्हणणारी मुलगी माईक धरून नुसती उभी आहे. मी जाड तांब्याची तार घेते, फ्यूजच्या जागी गुंडाळते आणि गाणं सुरू. टाळ्या. मला वाटतं, मी कोण! अर्ध्या तासात त्या पेटीतून धूर आणि जळक्या वार्निशचा वास. तुम्ही धावत आलात, प्लग ओढलात, सगळं निवल्यावर मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही इतक्या हळू बोललात की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "दोनदा जळला त्यो. का जळतोयस म्हणून इचारलंस का त्याला? त्यो बिचारा जळून तुला सांगत हुता, आन तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला त्या पेटीतला जळालेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा हातानं गुंडाळायला लावलात. पंधरा दिवस लागले. हजारो वेढे, आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही शेजारी बसून शेंगा खात होता आणि मधूनच मुद्दाम भलताच आकडा मोठ्यानं म्हणत होता.

हे सगळं मी हळदवाल्यांना सांगितलं, शेंगांसकट. सुभेदार ऐकत होते. हळदवाल्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग मोठा. दोनचा तर लावून बघू?" तिथून आमची परीक्षा सुरू झाली.

काकूंची जुनी चादर दोरीवर टाकून पडदा केला. पडद्यामागं पाटावर मी आणि मशीन; पुढं स्पीकर आणि समोर दोघं म्हातारे. एक साधा काचेचा दोनचा फ्यूज, एक चांदीचा दोनचा. प्रत्येक वेळी मी नाणं उडवणार. छापा पडला तर चांदीचा, काटा पडला तर साधा. तोच पुन्हा आला तरी काढून घालायचा, म्हणजे खुडबुडीवरून कळू नये. मग बासरीची एकच तबकडी, एकाच जागेपासून, काकू सुई ठेवणार. ऐकून झालं की दोघांनी डोळे मिटून बोट वर करायचं. साध्याला एक बोट, चांदीच्याला दोन. काकू दुधाच्या कॅलेंडरवर लिहून घेणार. सुभेदार म्हणाले, "मी साक्षीदार हाय, परीक्षेला बसलेला न्हाई." काकू म्हणाल्या, "बसा गुमान. च्या पण नको आन परीक्षा पण नको, असं कसं चालंल?" सुभेदार बसले. त्या घरात काकूंपुढं सुभेदाराची पदवी चालत नाही.

दहा वेळा केलं, सर. प्लग काढ, थांब, फ्यूज काढ, नाणं उडव, फ्यूज घाल, प्लग लाव, तापू दे. चौथ्या वेळी माझ्या पायाला मुंग्या आल्या. चादरीला एक भोक होतं, त्यातून मला ते दोघं दिसत होते. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, आणि बोटं वर, मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर पहिलीतली पोरं करतात तशी. सातव्या वेळी बासरी संपली तरी कुणीच बोट वर करेना. बघते तर दोघंही ऐकण्यात हरवले होते. काकूंनी टेबलावर चमचा आपटला तेव्हा घाईघाईनं बोटं वर आली.

मग मी माझा कागद आणि काकूंचं कॅलेंडर शेजारी ठेवलं. हळदवाल्यांचे दहात पाच बरोबर. सुभेदारांचे सहा. सुभेदार उठूनच उभे राहिले. "सहा? आवं, फरकच न्हाई म्हणतोय मी, आन माझं सहा कसं काय?" मी म्हटलं, "डोळे मिटून नुसतं नाणं उडवलं असतं तरी पाच-सहा आलेच असते, सुभेदार." काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सुभेदारांच्याही मिशा हलल्या. हळदवाले मात्र हसले नाहीत. कॅलेंडरकडं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "आज न्हाई कळलं मला. कबूल हाय. पण ताई, पहिल्या दिवशी मला ऐकू आलं हुतं. खोटं न्हाई बोललो मी." सुभेदार पुन्हा खुर्चीत ताठ बसले. परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, आणि चार रविवारांपेक्षा वाईट अवस्था झाली होती.

तेव्हा सर, मला तुमचा तो म्हातारा आठवला. वर्गात रेडिओ घेऊन आलेला, म्हणाला, "ह्यो बातम्या सांगताना दमतोय." आम्ही सगळे खोखो हसलो. तुम्ही हसला नाहीत. त्याला बसवलंत आणि विचारलंत, सकाळी दमतो का संध्याकाळी, गाणं म्हणताना दमतो का नुसतं बोलताना, मोठा केला की दमतो का लहान केल्यावर. दहा मिनिटांत सापडलं, सेलच्या पट्टीला गंज चढला होता. म्हातारा गेल्यावर तुम्ही आम्हाला म्हणालात, "त्याला आपला शब्द ठावं न्हाई. म्हणून त्यानं ऐकलेलं खोटं हुतंय व्हय?" मी बाकी पुस्तकातलं बरंच विसरले, हे नाही विसरले.

मी काकूंकडं वळले. "काकू, तुम्ही तर आतून ऐकता. तो परदेशी फ्यूज यायच्या आधी आवाज कसा होता?" काकू म्हणाल्या, "कसा म्हंजी? गाणं सुरू झालं की मागं तडतड. तेलात मव्हरी टाकल्यागत. मला वाटायचं तबकडीच जुनी हाय." "आणि फ्यूज बदलल्यावर?" "त्या दिवशी लावलं तवा न्हाई बघा ऐकली." मग मी पुन्हा झाकण उघडलं. सकाळी डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याकडं पाहिलंच नव्हतं. फ्यूज ज्या दोन चिमट्यांत बसतो ते काळे पडले होते, आणि त्या काळ्यावर घासल्याच्या ताज्या चकचकीत रेघा होत्या. जुना फ्यूज त्या चिमट्यांत वर्षानुवर्षं हलला नव्हता. काजळी धरली, पकड सैल झाली, वीज अडखळत जायची आणि तडतड व्हायची. नवा जाड फ्यूज हळदवाल्यांनी रेटून घातला, त्यानं काजळी खरवडली गेली आणि पकड बसली. तिथं चांदीच्या जागी शेंगेचं टरफल रेटून घासलं असतं तरी काजळी गेली असतीच. आणि आज मी परीक्षा घेतली ती चिमटे साफ झाल्यावर.

मी दोघांना बोलावून विजेरीच्या उजेडात ते दाखवलं. हळदवाले बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मला ऐकू आलं ते खरं हुतं." मी म्हटलं, "ऐकू आलं ते खरं होतं. कारण तेवढं दुसरं निघालं." सुभेदारांनी घसा साफ केला. सैन्यात माफी कशी मागतात ते मला माहीत नाही, पण ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "कानाबद्दल बोललो ते मागं घेतो गड्या. तडतड गेलेली मला कळली न्हाई, तुला कळली." हळदवाले म्हणाले, "कळली असती रं तुला पण. तू माझ्यासंगं भांडायच्या नादात असतुयास." आणि मग, सर, जरा थांबून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "शिवाय तुझं सहा आलं. माझं पाचच." सुभेदार इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

मी चिमटे ब्रशनं नीट घासले, दाबून घट्ट केले. हळदवाल्यांनी विचारलं, आता कुठला ठेवायचा? मी म्हटलं, आकडा दोनचा असला की झालं, तुमच्या आवडीचा ठेवा. त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदार म्हणाले, "ठेव की चांदीचा. मागवलायस तर काय कपाटात पुजायचा हाय?" काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या घरात कांदा-लसूण नाही, आणि सुभेदार दर घासाला म्हणत होते की कांद्याशिवाय भाजी म्हणजे अर्थिंगशिवाय मशीन, आणि दोनदा वाढून घेत होते. जेवण झाल्यावर तबकडी पूर्ण ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी बोट वर न करता. मग चहा झाला आणि मी निघाले तेव्हा त्यांचं नेहमीचं भांडण सुरू झालं होतं, बासरीवाल्यानं मध्येच श्वास घेतला तो ऐकू यायला हवा की नको यावरून.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितेय. समोर एक मशीन उघडी पडलीय आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, तेव्हा आवरायला हवं. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. चार घड्या घालून जुन्या सर्किटच्या आकृत्या ठेवते त्या फायलीत ठेवीन. पण लिहिलंच आहे तर एक गोष्ट राहिली, ती तिथं कुणाला सांगितली नाही. पडद्यापुढं बसलेल्या त्या दोघांना आत कुठला फ्यूज आहे ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि सर, जेव्हा जेव्हा मी चांदीचा बसवला, तेव्हा तेव्हा मला बासरी थोडी जास्त गोड लागत होती.